मार्क भरपूर, पण ‘जीव घाबरा होणं’ म्हणजे काय?

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासून घ्यायला आलेले एक गृहस्थ उठता उठता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलीला दहावीला ब्याण्णव टक्के पडले. सायन्सच घेतलं. मराठी काढून टाकलं आणि आयटी घेतलं. मार्कही जास्त पडतात आणि नीटच्या अभ्यासाला वेळही मिळतो. बरोबर केलं ना?"

मुलगी शेजारीच उभी होती. तिला डॉक्टर व्हायचंय. वडिलांनी ‘काढून टाकलं’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरला, की मला अपेंडिक्सच आठवलं. नसलं तरी चालतं, असलं तर त्रासच.

त्यांना मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. बाहेर बारा पेशंट बसले होते. पण ‘बरोबर केलं ना’ हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख. माझं उत्तर आहे, नाही, बरोबर केलं नाही. आणि चूक एकट्या तुमची नाही. आम्ही डॉक्टरांनी, शाळांनी, क्लासवाल्यांनी आणि परीक्षा घेणाऱ्यांनी मिळून ही समजूत पक्की केली आहे की भाषा, साहित्य, इतिहास, समाजशास्त्र हे मार्क कमी पडलेल्यांचे विषय आहेत. नीटची परीक्षा ७२० मार्कांची. त्यात जीवशास्त्राला ३६०, भौतिकशास्त्राला १८०, रसायनशास्त्राला १८०. ज्याच्यावर उपचार करायचे तो माणूस बोलतो काय, घाबरतो कशाला, औषध का घेत नाही, याला शून्य मार्क. मग शून्य मार्कांच्या गोष्टीवर वेळ कोण घालवणार?

आता माझी एक गोष्ट सांगतो. सांगायला बरी वाटत नाही.

इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीला होतो. पन्नाशीच्या एक बाई आल्या. शेतमजुरी करणाऱ्या, सात-आठ वर्षांपासूनचा मधुमेह. मी पुस्तकात शिकवल्याप्रमाणे विचारलं, "छातीत दुखतं का?" त्या म्हणाल्या, "दुखत नाय. जीव घाबरा होतुया. अंग गार पडलंय." मी पुन्हा विचारलं, "छातीत दुखतं का, हो की नाही?" त्या म्हणाल्या, "नाय." मी कागदावर लिहिलं, छातीत दुखत नाही. खाली लिहिलं, गॅसेस, घबराट. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ईसीजीचं मशीन खालच्या मजल्यावर होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

पहाटे त्यांना परत आणलं. हार्ट अटॅक होता. दोन तासांत गेल्या.

मधुमेहात नसा हळूहळू बधिर होतात. पायाच्या होतात तशा हृदयाकडच्याही होतात. त्यामुळे अशा पेशंटला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. बायकांमध्येही पुष्कळदा नुसता घाम, मळमळ, दम लागणं, जबडा किंवा पाठ भरून येणं एवढंच असतं. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी नऊ मार्क मिळवले असते. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की जीव घाबरा होणं हे तक्रारीचं नाव आहे. मी ते स्वभावाचं वर्णन समजलो. बाई घाबरट आहे, असं.

त्या बाईंनी त्यांच्या भाषेत लक्षण बरोबर सांगितलं होतं. भाषा मला कळली नव्हती. आणि माझी मातृभाषा मराठीच आहे बरं का. दहावीनंतर मी ती शिकणं सोडून दिलं होतं, आणि त्याआधीही उत्तरपत्रिकेपुरतीच शिकलो होतो.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, कधी मोजलेत? कळ येते, ती थांबून थांबून येते. आतडी, पित्ताशय, मुतखडा अशा पोकळ नळीतल्या अडथळ्याचं दुखणं बहुतेकदा असं असतं. ठणका लागतो, तिथे बऱ्याचदा आत पू धरलेला असतो. ठोका पडावा तसं दुखतं, रात्री झोप लागत नाही. चमक निघते ती हालचालीबरोबर, म्हणून स्नायू किंवा मणका. आग होते, ती पोटाच्या वरच्या भागात असेल तर आम्लाची आणि तळपायात असेल तर बहुधा नसांची. मुरडा येतो, उसण भरते, मुंग्या येतात, कणकण वाटते, अंग मोडून येतं. छातीवर कुणी ओझं ठेवल्यासारखं वाटतं म्हणणारा माणूस ‘दुखतं का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण ओझं दुखत नसतं.

चक्कर या एका शब्दाचं उदाहरण घ्या. ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ आणि ‘घर गरगर फिरतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं ऐकलं की मी उभं करून रक्तदाब बघतो, नाडी बघतो, हिमोग्लोबिन बघतो, चालू गोळ्यांची यादी तपासतो. दुसरं ऐकलं की कानाकडे वळतो, कधी मेंदूकडे. दोन्हींना ‘चक्कर’ लिहून एकच गोळी देणारे खूप आहेत, आणि ती गोळी वर्षानुवर्षं घेणारे आजी-आजोबाही खूप आहेत.

‘पण आता एमआरआय आहे, सीटी स्कॅन आहे, कशाला एवढं बोलणं ऐकत बसायचं?’ असं मला तरुण डॉक्टरही विचारतात. १९७५ साली ब्रिटनमध्ये एक साधा अभ्यास झाला. बाह्यरुग्ण विभागातले ८० नवे पेशंट. डॉक्टरांनी आधी फक्त बोलून निदान लिहायचं, मग तपासून, मग चाचण्या करून. शेवटी जे निदान ठरलं, ते ८० पैकी ६६ जणांमध्ये नुसत्या बोलण्यावरूनच बरोबर आलेलं होतं. अभ्यास जुना आहे, तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती, हे मान्य. पण यंत्र कुठल्या अवयवाचं लावायचं हे आजही बोलण्यावरूनच ठरतं. त्या बाईंचा ईसीजी काढणारं मशीन चांगलं चालू होतं.

१९८४ सालचा अमेरिकेतला दुसरा अभ्यास सांगतो. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर त्याला सरासरी किती वेळात मध्येच तोडतात? १८ सेकंदांत. आणि ज्यांना बोलू दिलं, त्यांनी आपलं म्हणणं अडीच मिनिटांच्या आत संपवलं. आपल्याकडच्या सरकारी ओपीडीत अडीच मिनिटंसुद्धा परवडत नाहीत हे मला माहीत आहे, मी त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. पण खासगीत एसी केबिनमध्ये भरपूर फी घेऊनही १८ सेकंदच देणाऱ्याचं काय? तिथे वेळ असतो. ऐकायला शिकलेला माणूस नसतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. मानव्यविद्या म्हटलं की लोकांना वाटतं, डॉक्टरने गोड बोलावं, हसून नमस्कार करावा, अधूनमधून कविता म्हणावी. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे, डॉ. अनिल अवचट अशी माणसं बाहेर पडली. आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो, बघा, डॉक्टर असून नट, डॉक्टर असून लेखक. ते ‘असून’ मला खटकतं. जणू ते मेडिकलचा अभ्यास चुकवून केलेले छंद होते. माणसाचं ऐकणं, निरखणं, त्याच्या जागी स्वतःला उभं करून बघणं हे नटाचंही काम आहे आणि वैद्याचंही. गोड बोलणं हा फार तर त्यातला शेवटचा भाग. हॉटेलच्या रिसेप्शनवरचा माणूसही गोड बोलतो.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इतिहासाबद्दल. मेडिकलला आम्हाला प्लेग शिकवला, म्हणजे जंतू, पिसू, गाठ आणि औषध. पुण्यातला प्लेग शिकवला नाही. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला. १८९६-९७ मध्ये प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात आला. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरून पेशंट शोधू लागले. स्वयंपाकघरात, देवघरात बूट घालून. बायकांची तपासणी. सामान रस्त्यावर काढून जाळणं. हेतू काय होता? संसर्ग थांबवणं, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या चांगलाच. परिणाम काय झाला? लोक पेशंट लपवू लागले. माळ्यावर, कपाटाआड, रातोरात दुसऱ्या गावी. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपल्याला शाळेत शिकवलं जातं. पण ते राष्ट्रभक्तीच्या धड्यात. सार्वजनिक आरोग्याच्या धड्यात ते कुणी शिकवत नाही.

आणि गंमत अशी, की ज्यांना अडाणी समजून ही तपासणी चालली होती, ते लोक उंदीर मरून पडायला लागले की घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे शास्त्रज्ञाने मांडलं १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. साहेब घराच्या भिंती धूत होता, तेव्हा लोक उंदरापासून लांब जात होते. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी.

त्याच पुण्याजवळ, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या पेशंटची शुश्रूषा करत होते. तिथे लोक पेशंट घेऊन येत होते. औषध दोन्हीकडे नव्हतंच, अँटिबायोटिक्स यायला अजून चाळीसेक वर्षं होती. फरक होता तो पेशंटला माणूस समजण्याचा. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा तोच १८९७ चा कायदा बाहेर निघाला. दारावर चिठ्ठ्या लागल्या, गल्लीला पत्रे लागले, आणि लोक पुन्हा ताप लपवू लागले. मेडिकल स्टोअरमधून परस्पर गोळ्या घेऊन चौथ्या-पाचव्या दिवशी ऑक्सिजन ८० वर आल्यावर यायचे. आम्ही त्यांच्यावर चिडायचो. मीही चिडलो. पुण्याचा प्लेग कुणी आम्हाला नीट शिकवला असता तर पहिल्या दिवसापासून माहीत असतं, की शिक्का मारला की आजार लपतो.

नसबंदीचंही तसंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि कित्येक जबरदस्तीने. आज काय स्थिती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषांची शस्त्रक्रिया जास्त सोपी आहे. पोट उघडावं लागत नाही, जागा बधिर करून काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरी कुणी तयार होत नाही. यात पुरुषी अहंकार आहेच, सगळं आणीबाणीच्या माथी मारत नाही. पण ‘माझ्या आजोबांना गाडीत घालून नेलं होतं’ असं सांगणारा तरुण समोर बसलेला असताना आकृती काढून शुक्रवाहिनी समजावण्यात काही अर्थ नसतो. त्याची शंका शरीरशास्त्राची नसतेच.

आता विरोधातलं बोलतो, कारण ते तुमच्या मनात आलं असणार. ‘डॉक्टर, उद्या माझी बायपास असेल तर मला हात चालणारा सर्जन हवा, इतिहास वाचलेला नको.’ कबूल. मलाही तोच हवा. बेशुद्ध माणसाच्या छातीत टाके घालताना भाषा कामाची नाही. पण बायपास करायची की नाही, ऐंशी वर्षांच्या तुमच्या आईला व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे ठरवायचं असतं तेव्हा हात उपयोगी पडत नाही. आणि शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, त्यानंतरच्या गोळ्या आयुष्यभराच्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुस्तकं वाचून माणूस चांगला होतो याचा पुरावा काय? काही नाही. जर्मनीतले डॉक्टर जगात सर्वात सुशिक्षित समजले जात. त्यांच्यापैकी काहींनी छळछावण्यांत जिवंत माणसांवर प्रयोग केले. १९४६-४७ मध्ये न्यूरेंबर्गला खटला चालला, २३ आरोपी, त्यातले २० डॉक्टर. तेव्हा संगीत ऐकलं, कादंबऱ्या वाचल्या की डॉक्टर दयाळू होतो असा दावा मी करणार नाही. पण त्या खटल्यातून जो मसुदा निघाला त्याचं पहिलंच कलम होतं, माणसाच्या स्वतःच्या इच्छेने दिलेल्या संमतीशिवाय प्रयोग नाही. ऑपरेशनच्या आधी तुम्ही सही करता त्या कागदामागे हा इतिहास आहे. तो प्रयोगशाळेत सापडला नाही. तो न्यायालयात मांडला गेला. आज तो कागद आमच्याकडे कसा भरला जातो? रात्री नऊ वाजता वॉर्डबॉय येतो, ‘इथे सही करा’ म्हणतो, कागद इंग्रजीत असतो. त्या कागदाचा जन्म कशातून झाला हे ठाऊक असलेला डॉक्टर निदान दोन मिनिटं खुर्ची ओढून बसेल, एवढीच माझी आशा आहे.

सरकारला हे अगदीच कळलेलं नाही असं नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा एक भाग आला आहे, मुलं त्याला ‘एटकॉम’ म्हणतात. स्वागत आहे. पण अकरावी-बारावीत ज्याने भाषाच सोडली, दोन वर्षं कोटा किंवा लातूरच्या खोलीत फक्त पर्याय क्रमांक अ-ब-क-ड बघितले, त्याला एकदम वॉर्डात उभं करून ‘आता सहानुभूती दाखव’ म्हणणं म्हणजे न पोहता येणाऱ्याला नदीत ढकलण्यासारखं आहे. मुलं हुशार असतात. ती सहानुभूतीची वाक्यंही पाठ करतात. परीक्षकापुढे म्हणतात, "मला तुमचं दुःख समजतंय." पेशंटला लगेच कळतं.

दर आषाढीच्या आधी मला एक परीक्षा द्यावी लागते. मधुमेही वारकरी येतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. पाय सुन्न, काहींना आधी जखम होऊन गेलेली. पुस्तकी सल्ला आहे, जाऊ नका. पूर्वी मी तेच सांगायचो. ते मान डोलवायचे, जायचेच, आणि मला न सांगता गेल्यामुळे जखम झाली तरी दाखवायला यायचे नाहीत. एका आजोबांचा अंगठा असा गेला. वारी म्हणजे काय हे मी नंतर वाचून, ऐकून, दोन मुक्काम चालून समजून घेतलं. आता सांगतो: माऊली, जा. पण अनवाणी नको. जुने, पायाला बसलेले बूट आणि सुती मोजे घाला. रोज मुक्कामाला दोन्ही तळवे दिंडीतल्या कुणाला तरी दाखवा, कारण तुम्हाला टोचलेलं कळणार नाही. चालण्याने साखर उतरते, म्हणून गोळ्या-इन्शुलिनचा डोस आपण जाण्याआधी ठरवू, खिशात साखर ठेवा, आणि एकादशीचा उपास कसा करायचा तेही बोलू. ते ऐकतात. परत आल्यावर प्रसाद घेऊन येतात आणि न सांगता पाय वर करून दाखवतात.

यातलं काहीही नीटमध्ये नव्हतं.

त्या गृहस्थांना आणि त्यांच्या मुलीला एवढंच सांगायचं आहे: मराठी परत घेता येत असेल तर घ्या. नसेल तर परीक्षेला नसलेली मराठी वाचा. आत्मचरित्रं वाचा, कोर्टाच्या बातम्या वाचा, आजीशी बोला. आठवड्यातले दोन तास गेले म्हणून नीटचा नंबर जाणार नाही. आणि समजा दोन-चार मार्क कमी पडलेच, तर त्या मार्कांसाठी हे सोडावं का, याचा विचार त्या बाईंची गोष्ट ध्यानात ठेवून करा.

बाकीच्या वाचकांना, म्हणजे आम्हा डॉक्टरांकडे येणाऱ्यांना, एक विनंती. आईला, आजोबांना घेऊन आलात की त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका. "काही नाही डॉक्टर, ॲसिडिटी होते तिला" असं मुलगा सांगतो आणि आई गप्प बसते. त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. कळ म्हणू द्या, कोंडल्यासारखं म्हणू द्या, जीव घाबरा होतो म्हणू द्या. वाक्य पूर्ण व्हायच्या आत डॉक्टरने तोडलं, तर शांतपणे म्हणा, "थांबा डॉक्टर, त्यांचं सांगून व्हायचंय." आणि मधुमेह असलेल्या माणसाला छातीत दुखत नसताना घाम सुटला, अंग गार पडलं, जीव घाबरा झाला, तर ईसीजी काढा असं स्वतःहून सांगा. डॉक्टर रागावला तरी चालेल.